‘स्टिग्मा’ : हा शिक्का कोणाच्या हातचा?

‘स्टिग्मा’ हा शब्द आता आपल्या वस्त्यांत नवा राहिलेला नाही. क्षयरोगाच्या शिबिरात डॉक्टर तो उच्चारतात, आशाताईंच्या प्रशिक्षणात तो येतो, मानसिक आरोग्याच्या कार्यशाळेत तर दर पाच मिनिटांनी येतो. फलकावर त्याचे मराठी करायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी ‘कलंक’ असे लिहितात. ‘क्षयरोग हा कलंक नाही’, ‘एचआयव्ही हा कलंक नाही’. हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की हे भाषांतर चुकले आहे आणि त्या चुकीचा भार रुग्णाच्याच डोक्यावर पडतो. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल. वाचकांनी कंटाळा करू नये.

मूळ शब्द ग्रीक आहे. ग्रीक भाषेत ‘स्तिझेइन’ म्हणजे टोचणे. सुईने टोचून त्यात शाई भरली की कातडीवर जी खूण राहते ती ‘स्तिग्मा’. आपल्या भाषेत सरळ सांगायचे तर गोंदण! पुष्कळ पुस्तकांत या शब्दाचा अर्थ तापलेल्या लोखंडाने दिलेला डाग असा सांगितलेला असतो. परंतु सी. पी. जोन्स या अभ्यासकाने १९८७ साली ग्रीक आणि रोमन लेखनातले उल्लेख एकत्र तपासून दाखवले की बहुतेक ठिकाणी हा शब्द सुई आणि शाईच्या खुणेसाठीच येतो.

ही खूण कोणाच्या अंगावर असे? पळून जाताना पकडलेल्या गुलामाच्या, शिक्षा झालेल्या गुन्हेगाराच्या आणि युद्धात हाती लागलेल्या कैद्याच्या. आणि ती बहुधा कपाळावर असे, म्हणजे झाकायची सोयच नाही. पळपुट्या गुलामाच्या कपाळावर ‘हा पळून आला आहे, याला धरा’ अशा अर्थाचा मजकूर गोंदत, असे एका जुन्या ग्रीक टीपेत सांगितले आहे. अथेन्स आणि सामोस या दोन नगरांचे युद्ध झाले तेव्हा दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या कैद्यांना गोंदले, एकाने जहाजाचे चित्र, दुसऱ्याने घुबडाचे, असे प्लुटार्क लिहितो. गुलामाला स्वतःचे चिन्ह निवडता येत नव्हते. सुई मालकाची, शाई मालकाची आणि मजकूरही मालकाचाच.

आता गंमत पाहा. त्याच काळात ग्रीकांच्या शेजारी थ्रेस देशात लोक हौसेने गोंदून घेत. तिथे गोंदण हे खानदानी घराण्याचे लक्षण होते आणि ज्याच्या अंगावर गोंदण नाही तो हलका समजला जाई, असे हेरोडोटसने नोंदवून ठेवले आहे. सुई तीच, खूणही तीच. इकडे अपमान, तिकडे मान. यावरून एक गोष्ट उघड होते. अपमान हा खुणेत नसतो. ती कोण कोणावर काढतो आणि तिच्याकडे कोण कसे पाहतो, यात तो असतो. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवे गोंदण असे. माणूस मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे त्या म्हणत. ते त्यांनी स्वतः मागून, वैदूबाईला पायली-दोन पायली धान्य देऊन करून घेतलेले असे. त्याला कोणी ‘स्तिग्मा’ म्हटले असते तर त्या हसल्या असत्या. आणि याच देशात कंपनी सरकारने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवण्याची शिक्षा चालवली होती. तिलाही ‘गोदना’च म्हणत. १८४९ साली ती बंद झाली.

हे पान आरोग्याचे आहे, म्हणून आणखी एक माहिती. ग्रीसमध्ये एपिडॉरस येथे आरोग्यदेवतेचे मोठे मंदिर होते. दूरदूरचे रोगी तिथे येऊन झोपत. बरे झालेल्यांच्या हकिकती तिथे दगडावर कोरून ठेवल्या आहेत. आंधळे, लंगडे, पोटाचे विकारवाले अशा सगळ्यांच्या रांगेत एक पांडारोस नावाचा माणूस आहे आणि त्याची तक्रार एकच, कपाळावरच्या खुणा. त्याला ना ताप होता ना जखम. देवाने कपाळाला फडके बांधले आणि खुणा फडक्यावर उतरल्या, असे तो शिलालेख सांगतो. चमत्कार आपण मानत नाही. पण तो माणूस देवळापर्यंत चालत का गेला, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे रोममध्ये तर गुलामांच्या खुणा घालवणारे वैद्य होते. मार्शल या कवीने अशा एका वैद्याचा नावानिशी उल्लेख केला आहे. सहाव्या शतकातल्या एशियस नावाच्या वैद्याने गोंदण्याच्या शाईची कृती दिली आहे आणि लगेच पुढे ते काढण्याच्या औषधाचीही. शिक्का मारणारा आणि पुसणारा, दोघांचीही कमाई होत असणार. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट कॉन्स्टंटाइनने शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर गोंदू नये असा कायदा केला. चेहऱ्यावर नको, पण हातावर किंवा पोटरीवर चालेल! शिक्क्याची फक्त जागा बदलली.

इंग्रजी भाषेत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमधून आला. थोड्याच काळात खरी खूण मागे पडली आणि बदनामी हा अर्थ उरला. शास्त्रज्ञांनी मात्र तो वेगळ्या कामांसाठी वापरला. फुलात परागकण ज्या टोकावर पडतात त्याला इंग्रजीत ‘स्टिग्मा’ म्हणतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात ती ‘कुक्षी’ आहे. चष्म्याच्या कागदावर जो ‘सिलिंडर’ नंबर लिहितात त्या दोषाचे नाव ‘अस्टिग्मॅटिझम’, म्हणजे प्रकाश एका बिंदूत न येणे. इथे ‘स्टिग्मा’ नसणे हाच दोष! वैद्यकात यकृताच्या जुन्या आजाराच्या अंगावर दिसणाऱ्या खुणांना आजही ‘स्टिग्माटा’ म्हणतात. इथपर्यंत ठीक होते. परंतु १८७६ साली इटलीतल्या लोम्ब्रोसो या डॉक्टरने जन्मजात गुन्हेगार ओळखण्यासाठी जबडा, कान, कपाळ यांच्या ठेवणीची यादी केली आणि त्यांनाही ‘स्टिग्माटा’च म्हटले. म्हणजे सुई न टोचता, निसर्गानेच शिक्का मारला आहे असा दावा. आपल्याकडे त्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला होता. त्यात तर कपाळ पाहण्याचीही तसदी नव्हती. अमक्या जमातीत जन्म झाला एवढे पुरे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कागदावर विमुक्त झाल्या. पारध्याच्या पोराला बाजारात आजही आधी पोलीस ओळखतो, मग दुकानदार.

‘स्टिग्मा’ला आजचा अर्थ दिला तो समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने. त्याच नावाचे त्याचे पुस्तक १९६३ साली निघाले. त्याने तीन प्रकार सांगितले : शरीरातले व्यंग, स्वभावातला मानलेला दोष, आणि वंश, राष्ट्र, धर्म यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा. जात कोणत्या प्रकारात बसते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्याने आणखी एक फरक सांगितला, तो आरोग्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. काहींची खूण दिसते, काहींची लपवता येते. जिची लपवता येते त्या माणसाला रोज हिशोब करावा लागतो. कोणाला सांगावे, कोणापासून दडवावे, कोणाच्या तोंडून फुटेल? शहरात भाड्याने खोली शोधताना आडनाव सांगावे की न सांगावे, हा हिशोब ज्यांनी केला आहे त्यांना क्षयाच्या गोळ्या ऑफिसच्या डब्याखाली लपवून नेणाऱ्या मुलीचे दुःख चटकन समजेल. दोन्हीकडे मन सारखेच थकते. एका ठिकाणी मात्र त्यामुळे औषध चुकते आणि आजार बळावतो.

आता ‘कलंक’ या शब्दाकडे येऊ. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक ठेवले की ते कळकते. हे ‘कळकणे’ कलंकातूनच आलेले आहे. कलंक भांड्याच्या अंगातून येतो. चंद्रावरचा कलंक हा चंद्राचाच. कुळाला कलंक लागतो तो कुळातल्याच कोणाच्या तरी वागण्याने. या शब्दात बाहेरचा माणूस कुठेच नाही. ज्याला लागला तो आणि त्याची करणी, एवढेच. त्यामुळे ‘क्षयरोग हा कलंक नाही’ असे वाचणाऱ्याच्या मनात पहिली गोष्ट येते ती ही, की लोक याला कलंक समजतात, म्हणजे माझ्यातच काही खोट असावी. ‘लांछन’ आणि ‘बट्टा’ यांचेही तेच. ‘डाग’ थोडा बरा, कारण ‘डागणे’ या क्रियापदात डागणारा असतो. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके देतात, तेव्हा डाग बाळाचा असला तरी विळा कोणाच्या हातात होता हे विचारावेच लागते. पण नुसता ‘डाग’ म्हटला की तो पुन्हा कपड्यावरचा होतो.

आम्हाला ‘शिक्का’ हा शब्द योग्य वाटतो. मराठीत शिक्का आपोआप पडत नाही, तो मारावा लागतो. ‘वेडा म्हणून शिक्का मारला’, ‘वांझ म्हणून शिक्का मारला’ असे आपण बोलतोच. वाक्य उच्चारले की ‘कोणी?’ हा प्रश्न मागोमाग येतो. जुना ग्रीक अर्थही तोच होता. फलकावर ‘क्षयरोग्यावर शिक्का मारू नका’ असे लिहिले तर ते रुग्णाला सांगणे न राहता शेजाऱ्याला, घरमालकाला, सासूला आणि डॉक्टरला सांगणे होईल. बोलायचे तर त्यांच्याशीच आहे. रुग्णाला ‘लाजू नकोस’ असे किती दिवस सांगायचे?

हा विचार आपल्या चळवळीला परका नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातले आणि हातातले जाड दागिने यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ती ओळख पुसून टाका, असे त्यांनी सांगितले. आपल्या बायकांनी त्या दिवसापासूनच लुगडे पायघोळ नेसायला सुरुवात केली. काही विद्वान याला वरच्या जातींची नक्कल म्हणतात. आमच्या मते ते शिक्का मारणाऱ्याच्या हातून शाई काढून घेणे होते. कपडा कोणता असावा हे ठरवण्याचा हक्क त्या दिवशी मालकाकडून अंगाकडे आला.

धम्माच्या इतिहासातही हा प्रश्न आलेला आहे. त्याची एकच बाजू सांगणे आम्हाला बरोबर वाटत नाही. उदान ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. जमाव पाहून, इथे अन्न वाटत असतील म्हणून तो आला आणि एका बाजूला बसला. त्या सबंध सभेत धम्म समजण्याची पात्रता बुद्धांना त्याच्यात दिसली. ही कथा आपण विहारात सांगतो आणि सांगावीच. परंतु विनयपिटकाच्या महावग्गात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार हे पाच रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असाही नियम आहे. अंगावर शिक्षेची खूण असलेल्यालाही देऊ नये, असे आहे. रोगाच्या नियमाचे कारण तिथेच दिले आहे : जीवकाकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून लोक संघात येऊ लागले, भिक्खूंची सगळी शक्ती शुश्रूषेत जाऊ लागली आणि जीवकाने विनंती केली. म्हणजे नियम सोयीचा होता, घृणेचा नव्हता. मात्र उपसंपदेच्या वेळी हे पाच प्रश्न आजही विचारले जातात. क्षय आज साधारण सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांच्या. त्या प्रश्नांचे काय करावे, याचा विचार भिक्खू संघाने करावा, असे आम्ही आदरपूर्वक सुचवतो.

कायद्याला तरी कुठे घाई होती? कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ साली शोधला. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. तरी कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा आपल्या देशाने २०१६ साली रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते. तो कायदा बौद्धांच्या विवाहालाही लागू होतो. ते कलम २०१९ साली निघाले. मधल्या सदतीस-अडतीस वर्षांत किती बऱ्या झालेल्या बायका या कलमावर माहेरी परतल्या असतील, याची मोजणी कोणी केलेली आमच्या पाहण्यात नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. त्यानंतरही आमच्या परिचयातल्या एका भगिनीच्या केसपेपरवर लाल शाईने, दुरून वाचता येईल अशा अक्षरांत तिचा आजार लिहिलेला आम्ही पाहिला. बाळंतपणाचा वॉर्ड होता. भेटीला येणारा प्रत्येक जण ते वाचत होता. तक्रार केल्यावर ‘स्टाफच्या सुरक्षिततेसाठी’ असे उत्तर मिळाले. स्टाफने प्रत्येकच रुग्णाला हातमोजे घालून हात लावायचा असतो. ते केले तर लाल शाईची गरज उरत नाही.

आपल्या समाजापुढचा सर्वांत जवळचा प्रश्न सिकलसेलचा आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही हा आजार आहे. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, हातपाय-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते. एका तरुण डॉक्टरने आमच्यासमोर एका आईला ‘हा तुमच्या लोकांचा आजार’ असे सांगितले. ती काही बोलली नाही. तिच्या वतीने आम्ही बोलतो. हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ज्या ग्रीसमधून ‘स्टिग्मा’ हा शब्द आला त्या ग्रीसमध्येही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो सापडतो, कारण ज्याच्यात या जनुकदोषाची एकच जोडी-बाजू असते, म्हणजे जो वाहक असतो, त्याला मलेरियापासून बरेचसे संरक्षण मिळते. आपले पूर्वज त्या डासांच्या रानात जगले, तगले, म्हणून ही गोष्ट आपल्या रक्तात उरली. यात पाप कुठले आणि कुळाचा दोष कुठला?

वाहक आणि रुग्ण यांतला फरक मात्र घराघरांत पोहोचला पाहिजे. वाहक हा आजारी नसतो, त्याला सहसा औषध लागत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर दर गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोन्हींतून मुक्त असण्याची चारात एक. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या निरोगी व्यक्तीशी झाले तर मूल रुग्ण होत नाही. एवढे साधे गणित आहे. पण घडते काय? मुलगी वाहक निघाली की आई कार्ड ट्रंकेत घालते. सोयरीक मोडेल ही भीती आणि ती खोटी नाही. मुलगा वाहक असला तर बहुधा विचारतच नाहीत. मग दोन लपवलेली कार्डे एका मांडवात येतात आणि तीन वर्षांनी पोर रात्रभर रडते. त्या वेळीही ‘तुझ्या माहेरचे’ म्हणून शिक्का बाईवरच. मुलाला रोग होण्यासाठी दोन्ही बाजूंनी यावे लागते, हे विज्ञान सासरच्या अंगणात कोणी ऐकत नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. पण तपासून हातात कार्ड दिले आणि समुपदेशक दिला नाही, तर सरकारने गावात आणखी एक शिक्का वाटला असे होईल.

काही कार्यकर्त्यांची सूचना आहे की वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत शिक्षण आणि नोकरीशेजारी ‘सिकलसेल : आहे / नाही’ असा रकाना छापावा. त्यांची तळमळ आम्हाला कळते. आम्ही मात्र याच्या विरोधात आहोत. तो रकाना म्हणजे छापील कपाळ होईल. पुस्तिका शेकडो घरांत फिरेल, मुलीच्या लहान बहिणींचीही नावे त्याला चिकटतील, आणि पुढच्या वर्षी तपासणीलाच कोणी येणार नाही. त्याऐवजी दहावी-बारावीच्या वयात सर्वांची तपासणी व्हावी, अहवाल त्या मुलाच्या किंवा मुलीच्या आणि पालकांच्या हाती राहावा, आणि बोलणी पक्की होण्याआधी दोन्ही घरांनी तो एकमेकांना, समुपदेशकासमोर, दाखवावा. मुलाचा आधी, मुलीचा मागून, असा क्रम ठेवला तर फार बरे. विहार समितीने मेळाव्याच्या दिवशी एक बंद खोली आणि एक प्रशिक्षित समुपदेशक एवढी सोय केली तरी पुरे. प्राथमिक तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. त्यात दोष आढळला तर पुढची पक्की तपासणी करूनच वाहक की रुग्ण ते ठरते. तोवर कोणी काही ठरवू नये.